डावीकडचा आवाज

सहा नंबरच्या गाडीतला रेडिओ डावीकडून बोलायचा थांबला, अशी तक्रार दाजींनी आणली तेव्हा आवारात कुणी ती मनावर घेतली नाही. गाडी जुनी, रेडिओ गाडीबरोबर कंपनीतूनच बसून आलेला. माणसाचे दात पडतात, गाडीचे स्पीकर जातात, त्यात एवढं रडायचं काय? पण दाजींनी एखादी गोष्ट मनावर घेतली की आख्ख्या आवाराला ती मनावर घ्यावीच लागे. तीन दिवसांत अकराच्या अकरा ड्रायव्हरांच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही.

आवार म्हणजे पत्र्याच्या छपराखाली उभ्या अकरा गाड्या, एक पाण्याचा हौद, एक टायरची कोठी आणि फाटकाजवळ मालकीणबाईंची काचेची खोली. या गाड्या मोठ्या इस्पितळातल्या नर्सना पाळीनुसार घरून आणायच्या आणि घरी सोडायच्या. दाजी सतरा वर्षं सहा नंबर चालवत होते. रेडिओ लावायचा, गाण्यावर आपला आवाज चढवायचा आणि मागच्या नर्सना हसवत न्यायचं, हा त्यांचा खाक्या. माणूस रुबाबदार, आवाज खणखणीत आणि जिभेला हाड नाही. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी होते, पण त्या एकाच्या हाकेवरून सगळं आवार त्यांना दाजी म्हणू लागलं.

तो एक म्हणजे त्यांचा मेहुणा. फाटकाला लागून त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि त्याला सगळे इंडिकेटर म्हणत. तो बोलताना अडखळायचा. नाव अर्थातच दाजींनी ठेवलेलं. "आमच्या मेहुण्याला वळायचं असलं की आधी टिक-टिक-टिक करतो, मग वळतो," असं ते वीस वर्षांपूर्वी म्हणाले, लोक पोट धरून हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तो बोलायला लागला की दाजी त्याच्या आधी त्याचंच वाक्य तोतरं करून बोलून दाखवत. "दा-दा-दाजी, फ्यू-फ्यू-फ्यूज गेला! हो ना रे?" इंडिकेटरही हसायचा. हसलं की लवकर संपतं, एवढी अक्कल त्याला वीस वर्षांत आली होती. त्याचं खरं नाव आता फक्त त्याची ताई घ्यायची.

तर तो पहिल्या दिवशी पेचकस घेऊन सहा नंबरमध्ये बसला. रेडिओ ओढून बाहेर काढला, मागच्या वायरी तपासल्या, दोन्हीकडचे स्पीकर लावून पाहिले. आवाज उजवीकडून येत होता. डावीकडूनही तितकाच येत होता. त्यानं बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलं, तर डाव्या दाराच्या स्पीकरमधली बाई इतकी मोकळी गायला लागली की हौदावरचा कावळा उडाला.

"बघ!" दाजी ड्रायव्हरच्या जागेवर बसून म्हणाले. "सगळं इकडून, माझ्याच बाजूनं. आणि आता तर तेही बारीक झालं. डावीकडचा मेलाय."

इंडिकेटर डाव्या दारात उभा होता, दाजींच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर. तो स्वतःशीच पुटपुटला, "मेला कुठला, चांगला गातोय की."

दाजींनी मान वळवली नाही. ते समोर बघत बटणाशी खेळत राहिले.

इंडिकेटरला दोन गोष्टी एकदमच कळल्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. पहिली, की दाजींचा डावा कान गेलाय. चार महिन्यांपूर्वी ते तापानं आठवडाभर अंथरुणात होते, तेव्हाच गेला असणार. दुसरी, की आपण एक आख्खं वाक्य बोललो आणि त्यात एकदाही अडकलो नाही.

त्यानं पुन्हा करून पाहिलं. बारीक आवाजात, गाण्याच्या आडून. "दाजी, रेडिओ धडधाकट आहे. तुमचा कान गेलाय." वाक्य तुपातल्या सुरीसारखं बाहेर आलं. दाजी म्हणाले, "हं, बघ बघ, वायर सैल असेल."

इथं कुणी भला माणूस असता तर त्यानं गाणं बंद केलं असतं, पलीकडं जाऊन उजव्या कानाशी बसला असता आणि काय ते सांगितलं असतं. इंडिकेटर वाईट माणूस नव्हता, पण भल्या माणसाला असला मोका वीस वर्षांत एकदाही मिळालेला नसतो, तेव्हा त्याचं भलेपण आपण कशाला जमेला धरायचं? इंडिकेटर गाडीला वळसा घालून दाजींच्या उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "से-से-सेटच गेलाय, दाजी. ब-ब-बदलावा लागेल."

"ब-ब-बदलू मग," दाजी म्हणाले, आणि हौदावर गाडी धुणारे दोघं हसले.

आता बदलायचा तर कुठला बसवायचा, यावर आवारात रोज दुपारी सभा भरू लागली. तीन नंबरवाला म्हणाला, शोरूममधून तोच कंपनीचा मागवा. गाडीच्या पुढच्या फळीचा आकारच असा तिरपा आहे की दुसरा काही नीट बसायचा नाही. पाच नंबरवाला म्हणाला, कंपनीचा मागवाल तर तो यायला दोन महिने, आणि आल्यावर तो गुप्त आकडा विचारणार, आकडा सांगितल्याशिवाय तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा भंगारवाल्याकडं याच मॉडेलची ठोकलेली गाडी आलीय, तिचा काढून आणा. नऊ नंबरवाला तरुण होता. त्याला बाजारातला मोठ्या पडद्याचा सेट हवा होता, जणू गाडी त्याचीच. त्यावर तीन नंबरवाला म्हणाला, पडद्यावर काय बघणार, नर्सबाईंची नाडी? आणि स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं त्यानं चालायची बंद होतील ती वेगळीच. सगळे बोलले की मग दाजी म्हणायचे, "आता आपले तज्ज्ञ काय म्हणतात ते ऐका. त-त-त-तज्ज्ञ!"

तज्ज्ञ म्हणायचा, "ब-ब-बसवून बघू."

आणि बसवून बघणं सुरू झालं. सगळ्यात आधी भंगारातला आणला. दाजींची सकाळची फेरी संपली की गाडी छपराखाली लागायची, दाजी आपल्या जागेवर बसायचे, हातात चहाचा कप, आणि इंडिकेटर डाव्या बाजूच्या सीटवर गुडघे टेकून फळीच्या पोटात हात घालायचा. गाणं चालू असायचं. आणि तो बोलायचा.

आधी किरकोळ बोलला. तुमची मिशी रंगवलेली कळते. तुम्ही गाता तेव्हा नर्सबाई खिडकीबाहेर बघतात. मग त्याची भीड चेपली. दुसऱ्या दिवशी तो दाजींना 'तू' म्हणाला. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला 'तू'! तोंडातून शब्द गेला, आणि इतकं हलकं वाटलं की त्यानं पुन्हा म्हटलं. "तू. तू. ऐकतोस ना?" दाजींनी चहाचा घोट घेतला.

मग मोठं गाठोडं सुटलं. बारा वर्षांपूर्वी त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी शिवणकाम करायची, डोळ्यांनी हसायची, आणि त्याच्या अडखळण्याची तिला काही पर्वा नव्हती. ती तसं म्हणालीही होती. दोन्हीकडची माणसं जमली, तिचे वडील म्हणाले, जावईबापू, तुमच्या दुकानाबद्दल सांगा काही. आणि हा तोंड उघडणार तोच दाजींनी उघडलं. "मा-मा-माझं दु-दु-दुकान..." सगळे हसले. मुलगीही हसली. चूक तिची नव्हती, दाजी नक्कल करायचेच तशी बेमालूम. पण हसून झाल्यावर तिनं त्याच्याकडं पाहिलं ते वेगळ्या नजरेनं, आणि आठवड्यानं नकार आला. इंडिकेटर एकेचाळीस वर्षांचा होता आणि दुकानामागच्या खोलीत एकटा राहत होता.

"तिला हसवलंस तू," तो फळीखालून, वायरीला चिकटपट्टी गुंडाळत, स्वच्छ सरळ मराठीत म्हणाला. "माझं घर व्हायचं होतं, ते तू एका नकलेत मोडलंस. आणि घरी जाऊन पोटभर जेवलास."

"झालं का?" दाजींनी विचारलं.

तो पलीकडं आला. "ना-ना-नाही. ह्या से-सेटलाही डा-डावीकडून..."

"डा-डा-डावीकडून येत नाही! मला कळत होतं. मघापासून कान लावून बसलोय मी."

एकदा चव लागली की माणूस थांबतो होय? काम एका तासाचं होतं, ते त्यानं पंधरा दिवस पुरवलं. भंगारातला सेट काढला, शेजारच्या शहरातून दुसरा मागवला, त्याला फ्रेम बसेना म्हणून फ्रेम कापली, ती चुकून जास्त कापली गेली म्हणून नवी मागवली. आवारातली माणसं म्हणायला लागली, मेहुण्याचा जीव आहे हो दाजींवर. इंडिकेटर रोज दुपारची वाट बघायचा. रात्री अंथरुणात पडून उद्या काय बोलायचं याची वाक्यं जुळवायचा.

दाजींना कळत नव्हतं का? कळत होतं, निम्मं. बहिऱ्या कानाचं माणसाला कळतंच, उशीवर उजवा कान टेकला की जग बंद होतं ते काय रेडिओमुळं? पण रेडिओ बिघडलाय असं चारचौघांत म्हणत राहिलं की निदान दिवसा तरी ते खरं वाटायचं. एकदा डावीकडच्या सीटवरची नर्स "थांबवा, थांबवा" ओरडत राहिली आणि गाडी दोन चौक पुढं गेली. दाजी हसून म्हणाले, तुम्हाला फिरवून आणावं म्हटलं. ती हसली नाही.

आणि मालकीणबाईंचा नियम सगळ्यांना पाठ होता. दोन वर्षांपूर्वी चार नंबरवाल्याची नजर कमी झाली, तो स्वतः काचेच्या खोलीत जाऊन सांगून आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला टायरच्या कोठीत खुर्ची मिळाली. बाई तेव्हा आवारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "डोळा, कान, गुडघा, काहीही जाऊ दे, येऊन सांगा, मी खुर्ची देईन. लपवलंत तर फाटक उघडं आहे. माझ्या गाडीत पोरीबाळी बसतात." दाजी त्या चार नंबरवाल्याला तेव्हापासून 'कोठीतला उंदीर' म्हणत. आता त्याच बिळात आपण जायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. शिवाय महिनाअखेरीला वर्षाची तपासणी होती. डॉक्टर आवारात येऊन डोळे, कान, रक्तदाब बघून जायचे.

तपासणीच्या चार दिवस आधी ताई दाजींचा डबा घेऊन आली. डबा सकाळी घरी विसरला होता. ती गाडीच्या मागच्या बाजूनं आली, आणि तिला आपल्या भावाचा आवाज ऐकू आला. सलग, न अडखळता. ती जागच्या जागी थांबली. लहानपणी याच भावाला ती आरशासमोर बसवून एकेक शब्द म्हणायला लावायची. तिला वाटलं, सुटली! पोराची जीभ सुटली! तिचे डोळे भरून आले. मग तिला शब्द कळले.

"तू मेलास ना, तर मी तुझ्या तिरडीपाशी सगळ्यांसमोर तुझी नक्कल करणार आहे," तिचा भाऊ म्हणत होता. "बहिऱ्याची. आँ? आँ? काय म्हणालात? अशी."

आणि तिचा नवरा मान डोलावत गाणं ऐकत होता.

तिनं डबा बॉनेटवर ठेवला. इंडिकेटरनं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ताई त्याला हाताला धरून दुकानात घेऊन गेली, दार लोटलं आणि पहिलं काय विचारलं तर, "कधीपासून?"

"क-क-कान? चा-चार महिने अस..."

"कान नाही. तुझं हे कधीपासून?"

ताई रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "त्यांनी तुझ्याशी केलं ते मला दिसत होतं. मी बोलले नाही, संसार करायचा होता म्हणून. त्याचं माप माझ्या पदरात घाल. पण आता ऐक. कानाचं मी दोनदा बोलून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांनी ताट भिरकावलं. माझं ते ऐकणार नाहीत. तू यंत्रातला माणूस आहेस. तू सांग की रेडिओ चांगला आहे आणि बिघाड कानात आहे. तपासणीच्या आधी स्वतःहून बाईंना सांगू देत, कोठीत का होईना, खुर्ची मिळेल. सांगशील ना?" आणि तिनं त्याचं खरं नाव घेतलं.

तो म्हणाला, "सां-सांगतो, ताई."

आणि तो सांगायला गेला, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं. दुसऱ्याच दिवशी गेला. दाजी हौदाजवळ पाच-सहा जणांत उभे होते. त्यांना बाजूला बोलवावं, तर 'इकडं या' म्हणतानाच जीभ अडकली, आणि सगळ्यांची तोंडं याच्याकडं वळली. तो उजव्या कानाशी गेला. "दा-दाजी, तु-तु-तुमचा का-का-का..."

"का-का-का?" दाजींनी दोन्ही हातांचे पंख केले आणि मान वाकडी केली. "का-का-कावळा? माझा कावळा? अरे, कुठं गेला माझा कावळा!" आणि ते पंख फडफडवत हौदाभोवती एक चक्कर मारून आले. तीन नंबरवाल्याला हसता हसता ठसका लागला. काचेच्या खोलीतून मालकीणबाईही बघून हसल्या.

इंडिकेटर हसला. हसलं की लवकर संपतं. पण या वेळी हसताना त्याच्या आत काहीतरी थंड झालं आणि थंडच राहिलं. त्या दुपारी तो दाजींच्या डाव्या बाजूला बसून काहीच बोलला नाही. नवा सेट बसवला, वायरी जोडल्या, आणि खोलीवर गेला.

तपासणीच्या दिवशी छपराखाली खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टर आले, पण त्यांची मदतनीस आजारी पडली होती. कानाची तपासणी साधी : माणसानं एका कानात बोट घालायचं, मागून कुणीतरी दुसऱ्या कानाशी पुटपुटल्यासारखा आकडा बोलायचा, माणसानं तो परत सांगायचा. डॉक्टर समोर बसून बघणार. मागं उभं राहायला ड्रायव्हर नको, एकमेकांना सांभाळून घेतात. मालकीणबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो इंडिकेटर, तुम्ही या."

तो आला. पहिल्या पाच जणांना त्यानं आकडे सांगितले. 'बावीस' म्हणताना दोनदा अडकला, 'सदतीस'ला तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ड्रायव्हर तोंड दाबून हसले आणि आकडे बरोबर सांगून उठले. ताई फाटकाशी उभी होती. तिला वाटत होतं की भावानं सांगितलंय. तिच्या नवऱ्यानं ऐकलं नसेल, पण भावानं सांगितलंय.

दाजी खुर्चीवर येऊन बसले तेव्हा सगळे जरा जवळ सरकले, कारण आता मजा येणार होती. आधी उजवा कान. इंडिकेटर उजवीकडं वाकला. "ब-ब-बत्तीस."

"ब-ब-ब-ब-बत्तीस!" दाजी म्हणाले, आणि आवार दणाणलं. डॉक्टरसुद्धा हसले.

"आता डावा. उजव्या कानात बोट घाला. नीट घाला."

दाजींनी बोट घातलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता, तो फक्त इंडिकेटरला दिसत होता. तो डाव्या बाजूला गेला. या कानाशी तो पंधरा दिवस जन्मात बोलला नव्हता तसा बोलला होता. ओरडून आकडा सांगितला असता तर कदाचित बोटाआडच्या कानात तरी गेला असता. नाहीतर 'मला जमणार नाही' म्हणून बाजूला होता आलं असतं. तो वाकला, कानाशी तोंड नेलं, आणि ओठ घट्ट मिटून उभा राहिला.

सगळे बघत होते. त्याचे ओठ हलले नाहीत. एक क्षण गेला, दोन गेले. लोकांना वाटलं अडकला असेल, पण अडकल्यावर त्याची हनुवटी थरथरते ती थरथरत नव्हती. तो नुसता वाकून उभा होता, तोंड मिटून.

दाजींना मानेवर त्याचा श्वास लागला. बोलून झालं असणार. त्यांनी छाती पुढं काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "प-प-प-पंचेचाळीस!"

नऊ नंबरवाला सवयीनं हसला आणि मध्येच थांबला. बाकी कुणी हसलं नाही. दाजी हसू यायची वाट बघत चेहरा तसाच हसरा धरून बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "यांनी पंचेचाळीस म्हटलं?" दाजींनी बोट काढून पुन्हा प्रश्न विचारायला लावला, आणि मग म्हणाले, "हो तर! स्पष्ट ऐकलं. याचं असंच असतं हो, पहिलं अक्षर चार वेळा. माझा मेहुणाच आहे, मला सवय आहे."

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. "किल्ल्या ठेवा."

"अहो बाई, एखादा आकडा चुकला असेल..."

"मला येऊन सांगितलं असतं तर कोठीत दुसरी खुर्ची टाकली असती. आज सकाळपर्यंत टाकली असती. सतरा वर्षं झाली तुम्हाला इथं. किल्ल्या ठेवा आणि घरी जा." मग त्या इंडिकेटरकडं वळल्या. "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पं-पं-पंध..."

बाई थांबल्या नाहीत. खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दाजींनी किल्ल्या खुर्चीवर ठेवल्या. आवारातली माणसं हळूहळू आपापल्या गाड्यांकडं पांगली. मेहुण्याचं तोंड मिटलेलं होतं, हे दाजींना सांगायला कुणाचीच जीभ रेटली नाही. कोठीतला जुना चार नंबरवाला तेवढा पुढं आला, त्यानं दाजींना पाणी दिलं. फाटकाशी बघितलं तर ताई निघून गेली होती.

आठ दिवसांनी ती दुकानात आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "इंडिकेटर, तुझे दाजी उद्यापासून इथं बसतील. घरात भिंती खायला उठतात त्यांना."

ताईच्या तोंडून ते नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. ती गेल्यावर तो किती तरी वेळ हातातली वायर नुसतीच सोलत बसला.

दाजी येऊ लागले. सकाळी यायचे, स्टुलावर बसायचे, डावी बाजू भिंतीला लावून, उजवा कान दुकानाकडं करून. त्यामुळं इंडिकेटरला त्यांच्या डावीकडं जायला जागाच उरली नाही. मिशी रंगवायची त्यांनी सोडून दिली होती. नक्कलही सोडली होती. गिऱ्हाईक आलं की इंडिकेटर तोंड उघडायचा, टिक-टिक व्हायची, आणि दाजी काहीच बोलायचे नाहीत, तर त्या शांततेत त्याचं अडखळणं पूर्वीच्या दुप्पट व्हायचं.

सहा नंबरमधून काढलेला कंपनीचा रेडिओ दुकानातल्या फळीवर होता. त्याला दोन सुटे स्पीकर जोडून इंडिकेटर गाणी लावायचा. एका दुपारी दाजींचं त्याच्याकडं लक्ष गेलं.

"हा माझाच ना?"

"हो."

"दुरुस्त केलास?"

इंडिकेटरनं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्याला ठाऊक. दाजी बराच वेळ गाणं ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू कितीचा आकडा बोलला होतास रे?"

इंडिकेटरनं पक्कड खाली ठेवली. त्याला 'काहीच नाही' म्हणायचं होतं. हे दोन शब्द सांगून टाकायचे, एकदाचे. "का-का-का..." तो म्हणाला. कावळ्याच्या त्याच अक्षरावर तो अडकला, आणि दाजी पुढं वाकले, उजवा कान जवळ आणला, आणि थांबले. वीस वर्षांत पहिल्यांदा ते त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होते. हसले नाहीत, मध्ये बोलले नाहीत. "सावकाश बोल," म्हणाले. "मला घाई नाही."

त्या थांबण्यापुढं त्याचा निभाव लागेना. "स-स-सत्तेचाळीस," तो म्हणाला.

"सत्तेचाळीस!" दाजींनी मांडीवर थाप मारली. "आणि मी पंचेचाळीस म्हणालो. म्हणजे दोनानंच हुकलो. बघ, अगदीच गेलेला नाही कान. दोनानं हुकलो."

तेव्हापासून दुकानात जो येईल त्याला दाजी हे सांगतात. गाडीचा हॉर्न नीट करायला आलेला असो, दिवा बदलायला आलेला असो, त्याला स्टूल सरकवतात आणि सतरा वर्षांची नोकरी कशी दोनानं हुकली ते पहिल्यापासून सांगतात. आवारातली माणसं आली की ती दाजींकडं बघत नाहीत, इंडिकेटरकडं बघतात. तो खाली मान घालून काम करत राहतो. दिवसातून चार वेळा, सहा वेळा, कधी दहा वेळा हे त्याला ऐकावं लागतं. त्याचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.